वीतभर डोंगर

टेलरबाईंनी उभ्या आयुष्यात हजारो मापं घेतली, पण नवऱ्याने सांगितलेल्या डोंगराचं माप त्यांना कधीच पटलं नाही.

त्यांचे यजमान सहलीच्या कंपनीत आचारी होते. आता तुम्ही म्हणाल, सहलीला आचारी कशाला? तर माणसाची गंमतच अशी आहे. त्याला लांब जायचं असतं, बर्फ बघायचा असतो, ढगात उभं राहून फोटो काढायचे असतात, पण ताटात मात्र घरचीच चव लागते. दोन दिवस मीठ-तिखट बदललं की आधी पोट रुसतं आणि मग तोंड. म्हणून कंपनी पर्यटकांच्या बसच्या आधी एक टेम्पो पुढे पाठवायची. त्यात पातेली, झारे, गॅसच्या टाक्या, तांदळाची पोती, आणि त्या पोत्यांवर पाय दुमडून बसलेले आचारीकाका. बस पोचायच्या आत चहा तयार पाहिजे, हा कंपनीचा नियम होता आणि काकांनी तो कधी मोडला नाही.

हंगाम सुरू झाला की काका जायचे ते हंगाम संपल्यावरच उगवायचे. डोंगराच्या कुशीतली तीन शहरं, एकाहून एक उंच, आणि त्यांच्या फेऱ्यांवर फेऱ्या. इकडे बाई दोन खोल्यांच्या घरात. पुढच्या खोलीत खिडकीला लागून शिवणयंत्र, खुर्चीवर उसवलेल्या पँटींचा ढीग, दोरीवर टांगलेले शाळेचे गणवेश, आणि कोपऱ्यात कुणाचे तरी पडदे, जे न्यायला लोक हमखास विसरतात. लेक लहान होती तेव्हा ती त्या पडद्यांवर झोपायची. पुढे तिचं लग्न झालं, ती आपल्या घरी गेली. पडदे मात्र तिथेच राहिले.

काका परत आले की पहिल्या संध्याकाळी एक ठरलेला कार्यक्रम असायचा. गरम पाण्यात मीठ टाकून काका पाय बुडवून बसायचे. बाई यंत्रावर. पायाखालची फळी चालूच ठेवून त्या म्हणायच्या, सांगा आता, काय काय बघितलंत. आणि काका सांगायचे. सांगायची हातोटी होती बरं त्यांना. घाई नाही, फोडणी तडतडेपर्यंत थांबायचं, तसं थांबून थांबून.

पहिल्या शहरात एक निळं दार आहे, म्हणायचे. रंगाचे पोपडे उडालेत, पण निळं म्हणजे निळं. दार कायम अर्धं उघडं, आणि उंबऱ्यावर एक म्हातारी लोकर गुंडाळत बसलेली असते. आपल्याकडे बघते, आभाळाकडे बघते, रस्त्याकडे बघते, पण हातातल्या लोकरीच्या गुंडीकडे एकदासुद्धा बघत नाही. दुसऱ्या शहरात दगडी पायऱ्या आहेत, त्यांवरून सारखं पाणी उतरतं, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर एककानी मांजर बसलेलं असतं. त्याला सगळी माणसं ओळखू येतात. आणि तिसरं शहर सगळ्यांत उंच. तिथे बर्फाचा डोंगर.

"केवढा?" बाई विचारायच्या.

काका ओला हात पुसायचे, समोर लांब करायचे आणि अंगठा नि करंगळी ताणून दाखवायचे. "एवढा. वीतभर. आधी गुलाबी असतो, मग पिवळा, आणि चहा गाळून होईतो पांढराशुभ्र."

"वीतभर म्हणजे काय डोंगर झाला?" बाईंना हसू आवरायचं नाही. "वीतभर तर खिसा असतो."

काकासुद्धा हसायचे, पण माप बदलायचे नाहीत. दर वर्षी तीच वीत.

पहिली काही वर्षं बाईंना हे ऐकायला फार गोड वाटायचं. पुढे पुढे त्या गोडव्यात एक काटा यायला लागला. खोटं कशाला बोला, नवरा स्वर्ग बघून येतो आणि बायको सुईच्या नेढ्यातून जग बघते, तर कुणाला बोचणार नाही? कंपनी आचाऱ्याच्या घरच्यांना नेत नसे. पुढल्या वर्षी मालकांना विचारतो, हे काका दर वर्षी म्हणायचे, आणि पुढलं वर्ष हे नेहमी पुढलंच राहायचं. एकदा बाईंचा तोल सुटला. तुमचं काय, म्हणाल्या, सहा-सहा महिने हवापालट, आणि आम्ही इथे दुसऱ्यांच्या पँटी लांब-आखूड करत डोळे फोडायचे. काका बराच वेळ पाण्यात पाय हलवत बसले. मग म्हणाले, "अगं, दुरून डोंगर साजरे." बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने जवळून बघितलंय त्यानेच हे म्हणावं, भरल्या पोटाने उपासाचं महत्त्व सांगावं तसं. दोन दिवस घरात भांड्यांशिवाय कुणी बोललं नाही.

मग काकांची छाती कुरकुरायला लागली. तिसऱ्या शहरात पोतं उचलताना एकदा श्वास असा अडकला की टेम्पोतून आडवं घालून खाली आणावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता उंचावर जायचं नाव काढायचं नाही, या जन्मात तरी नाही. काका घरी बसले. म्हणजे बसले कसले, बाईंच्या स्वयंपाकघरात घुसले आणि तिथल्या प्रत्येक डब्याची जागा बदलून ठेवली. आपण सहा महिन्यांचा नवरा केला होता, हा बारा महिन्यांचा कुठून आला, असं बाई लेकीला म्हणायच्या.

लेक-जावयाने आईला त्याच कंपनीच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. त्याच तीन शहरांना. बाई आधी नाहीच म्हणाल्या. ह्यांना सोडून एकटी कशी जाऊ, लोक काय म्हणतील, गणवेशांचे दिवस आहेत, एक ना दोन. पण आतून उकळ्या फुटत होत्या, आणि ते काकांना दिसत होतं. तेच म्हणाले, जा. मी घर सांभाळतो. बघून ये.

आयुष्यभर दुसऱ्यांचं शिवणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा स्वतःसाठी कोट शिवला. आतून जाड अस्तर, खोल खिसे, आणि बटणं त्यांनी कधीपासून बाजूला काढून ठेवलेली होती ती. त्यांना हवं होतं एवढंच, की ते निळं दार, त्या पायऱ्या आणि तो डोंगर आपल्या डोळ्यांनी बघावा, घरी यावं, आणि एकदा तरी आपण सांगावं आणि ह्यांनी ऐकावं.

पहिल्या शहरात पोचल्या तेव्हा बाई हरखून गेल्या. उतारावर एकावर एक चढलेली लाकडी घरं, खिडक्यांच्या चौकटींवर कोरलेली पानं-फुलं, गल्ल्यांतून येणारा मागांचा खटखट आवाज. विणकरांची गल्ली म्हणून सगळ्यांना तिथे नेलं. बाईंनी कापडाची कड उलटून मागची बाजू बघितली आणि मनातल्या मनात त्या विणकराला नमस्कार केला. तळं बघितलं, जुना राजवाडा बघितला. आणि मग झेंडा घेऊन पुढे चालणाऱ्या मॅनेजरला गाठून विचारलं की निळं दार कधी दाखवणार.

मॅनेजर तरुण होता, पण आदबीचा. कुठलं निळं दार, काकू? बाईंनी म्हातारी सांगितली, लोकर सांगितली. त्याने कार्यक्रम चाळला, स्थानिक वाटाड्याला विचारलं. दोघांनी माना हलवल्या. असं काही इथे नाही, काकू. दुसऱ्या गावातलं असेल.

दुसऱ्या शहरात बाईंनी पायऱ्यांचं विचारलं. मॅनेजर उत्साहाने त्यांना बागेत घेऊन गेला आणि रंगीत दिव्यांचं कारंजं दाखवलं. बरोबरची मंडळी टाळ्या वाजवत होती. बाई कोटाच्या खिशात हात घालून उभ्या राहिल्या. मांजर विचारायची हिंमतच झाली नाही.

दोन्ही संध्याकाळी घरी फोन झाला. काकांना विचारून मोकळं व्हायचं होतं, पण जीभ रेटेना. विचारलं, आणि निघाली सगळी थाप, तर? एवढ्या वर्षांच्या एवढ्या संध्याकाळी, त्यांचं काय करायचं? न विचारता निदान शंका तरी राहते, तिच्या आडोशाला बसता येतं. काकांनीही दाराचं किंवा पायऱ्यांचं नाव काढलं नाही. नाहीतर माणूस इतका बोलका. पण त्यांची चौकशी भलतीच. जेवण कसं होतं? लांब्याने भाजीत मीठ जास्त नाही ना टाकलं? भात मोकळा होता का? लांब्या म्हणजे काकांच्या हाताखाली तयार झालेला, आता त्यांच्या जागी आलेला आचारी. केस पिकले तरी नाव लांब्याच राहिलं. भात मोकळा होता, असं सांगून बाईंनी फोन ठेवला.

तिसऱ्या शहरातला दिवस उजाडायच्या आधीच सुरू झाला. अंधारात हातात गरम चहाचे पेले आले, सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं, आणि वळणावळणाच्या रस्त्याने वर एका उघड्या कड्यावर नेऊन उभं केलं. थंडीने दात वाजत होते. कुणी चेष्टा करत होतं, कुणी मोबाईल पुसत होतं. मग आभाळाची कड फिकी झाली आणि एकेक जण गप्प होत गेला.

डोंगर दिसला. एक कुठला, डोंगरांची रांगच. उजवीकडे मान वळेल तिथपर्यंत, डावीकडे मान वळेल तिथपर्यंत, शिखरामागे शिखर, आणि त्यांच्यावर चढत जाणारा गुलाबी रंग. बाई सुरुवातीला नुसत्या बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलंच नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, अहो, डोळ्याचं पारणं फिटलं. टेलरबाईंनी मान डोलावली. आणि मग एकदम आठवलं.

वीतभर?

ज्याने हे एकदा बघितलंय, तो माणूस ह्याला वीतभर म्हणेल? आंधळासुद्धा म्हणणार नाही. म्हणजे हा माणूस इथे कधी आलाच नव्हता. निळं दार नाही, पायऱ्या नाहीत, आणि डोंगर असा. मग इतके हंगाम तो टेम्पो जात तरी कुठे होता? मनात येऊ नये ते येऊन गेलं. बाईंनी ते झटकलं, ते पुन्हा आलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळे गाणी म्हणत होते. बाई मात्र खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि एवढी सुंदर सकाळ त्यांना नकोशी झाली होती.

हॉटेलवर नाश्ता मांडलेला होता. बाई बसल्या नाहीत. समोरच्या मोठ्या खोलीतून त्या थेट मागे गेल्या, अंधाऱ्या बोळातून, धुण्याच्या चादरींच्या गाठोड्यांना वळसा घालून, वासाचा माग काढत. काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं म्हणत त्यांनी मागचं दार ढकललं.

मागे फरसबंदी अंगण होतं. एका बाजूला शेगड्या, एका बाजूला धुऊन उपडी घातलेली पातेली, आणि टेम्पो दार उघडून उभा. लांब्या गॅसची टाकी उचलत होता. बाईंना बघून त्याने ती खाली ठेवली आणि हात पुसत पुढे आला.

"वहिनी, इथे कशाला आलात? सगळं ओलं आहे. पुढे बसा, मी गरम आणून देतो."

"हे इथे यायचे का?" बाईंनी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"कोण, दादा?" लांब्याला प्रश्नच कळला नाही. मग तो हसला. "तो खिळा दिसतो का? फडकं टांगायला त्यांनीच ठोकलाय. आणि त्या पिंपावर बसायचे. बसायचे म्हणजे काय, चहा गाळून झाला की घटकाभर. मग परत कामाला."

बाई पिंपाजवळ गेल्या. पिंप उपडं होतं, वर बसून बसून त्याची कड गुळगुळीत झाली होती. त्या बसल्या. समोर धोबीखोलीची उंच भिंत, डावीकडे पाण्याची टाकी, आणि त्या दोघांच्या मध्ये एक फट. फटीत बर्फाचा डोंगर उभा होता. पांढराशुभ्र.

बाईंनी हात लांब केला, अंगठा आणि करंगळी ताणली. टेलरचा हात तो, मापात चुकायचा नाही. करंगळीचं टोक भिंतीला लागलं, अंगठ्याचं टाकीला.

बाईंनी दाराचं, पायऱ्यांचं विचारलं, आणि लांब्या आपला सांगतच सुटला. दार? हो, ते पहिल्या गावी, हॉटेलच्या मागे, भांडी घासायच्या नळासमोरच. म्हातारी अजून आहे, गुंडीकडे अजून बघत नाही. आणि पायऱ्या दुसऱ्या गावच्या. पण वहिनी, ते पाणी कसलं, हॉटेलच्या मोरीचं सांडपाणी. मांजर गेलं बिचारं, त्याचं पिल्लू येतं आता, दोन्ही कान शाबूत आहेत. बाई मोरीचं ऐकून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. काखेत कळसा असताना आपण त्या बिचाऱ्या मॅनेजरला गावभर वळसा घालायला लावला.

"वर कधीच गेले नाहीत?" त्यांनी विचारलं.

लांब्याने पातेली एकात एक घालत सांगितलं ते असं. माणसं वर जातात तेव्हा आचारी नाश्त्याला लागलेला असतो. माणसं खाली येतात तेव्हा तो वाढत असतो. माणसं खाऊन आरामात बसतात तेव्हा पातेली टेम्पोत चढतात, कारण बसच्या आधी पुढे पोचायचं असतं. एकदा मात्र मालक स्वतः आले होते, त्यांनी दादांना बळेच जीपमध्ये बसवलं. जीप अर्ध्या वाटेवर गेली आणि दादांनी थांबवायला लावली. म्हणाले, दूध मंद आचेवर ठेवून आलोय. उतरले आणि तसेच पायी परत. दूध लांब्याने केव्हाच उतरवून ठेवलं होतं.

बाईंना ती संध्याकाळ आठवली, पाण्यात पाय हलवत बसलेले काका, आणि दुरून डोंगर साजरे. तेव्हा आपल्याला वाटलं होतं, टोमणा मारला. इतकी वर्षं आपण त्या माणसाचा हेवा करत होतो. हेवा कशाचा, तर मागच्या अंगणातल्या पिंपाचा. आणि त्यानेसुद्धा कधी तोंड उघडून म्हटलं नाही की अगं, मीही नाही बघितलं. त्याच्याकडे होतं ते सगळं आणून दिलं. बाईंना त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्हींतलं आधी काय करावं ते सुचेना.

त्यांनी फोन लावला. लांब्या गॅसची टाकी घेऊन टेम्पोकडे गेला.

काकांनी पहिल्याच रिंगला उचलला. जवळ घेऊनच बसले असणार. मागे काहीतरी शिजत होतं, झाकणाचा आवाज येत होता. काका म्हणाले, आलात का खाली? आज लांब्याने काय केलंय? बाईंनी सांगितलं की अजून खाल्लं नाही. मग आज पहिल्यांदाच काकांनी ते विचारलं.

"दिसला का गं डोंगर?"

"दिसला," बाई म्हणाल्या. समोरच्या फटीकडे बघत होत्या त्या. "तुम्ही सांगितलात तसाच आहे. वीतभर."

तिकडे झाकणाचा आवाज थांबला. गॅस बंद केला असावा. मग खुर्ची सरकली. ती शिवणयंत्रापुढची, बाईंना आवाजावरून कळलं.

"म्हणजे मागे आलीस तू," काका म्हणाले. "पिंपावर बसलीयेस."

"हो."

"ओल असेल. कोट खराब होईल."

"होऊ दे."

काका खाकरले. छाती अजून कुरकुरतच होती. मग फोनवरचा त्यांचा आवाज बदलला, हळू झाला, एखाद्या गिऱ्हाइकाने संकोचत उधारीवर मागावं तसा.

"तो मला ठाऊक आहे गं, हा मागचा. पुढून कसा आहे ते सांग."

हॉटेलच्या पुढच्या बाजूने मॅनेजरची शिट्टी ऐकू आली. सगळ्यांनी बॅगा घेऊन बसपाशी यावं, उशीर होतोय. कधी कुणाचं काम उशिरा न देणाऱ्या टेलरबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी अंधार असतो म्हणाल्या, आणि सगळे बडबडत असतात. मग गप्प होतात. तिकडे काका हूं म्हणाले, बाई इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या तसंच. मग कड उजळते. मग एक शिखर दिसतं, ते वाटतं हाच डोंगर, तोवर त्याच्या बाजूला दुसरं निघतं, त्याच्या मागे तिसरं. इथपर्यंत ठीक चाललं. पुढे बाईंना शब्द सापडेनात. ही हातोटी त्यांच्याकडे नव्हती, त्यांचं काम आयुष्यभर मापावर चाललेलं.

"पण केवढा?" काकांनी विचारलं.

बाईंनी मोबाईल खांद्याने कानाशी दाबून धरला. दोन्ही हात समोर आणले आणि पसरायला लागल्या. हात भिंतीच्या पलीकडे गेले, टाकीच्या पलीकडे गेले. टेम्पोजवळून लांब्या बघत होता. कोट काखेत ताणला गेला, एक टाका उसवल्याचा आवाज आला, तरी बाई हात पसरतच राहिल्या. ह्यांना दिसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"एवढा," त्या म्हणाल्या. "अहो, एवढा."